सहा घरं ग्लिसरॉलला: द्राक्षाच्या पानांवर सिंगल-सेल, हंगामभराच्या वापरानंतर

गोडी छाटणीपासून आमच्या नाशिकच्या लॅबमध्ये ड्रॉपलेटवालं सिंगल-सेल मशीन चालवतोय, म्हणजे एकेक पेशी वेगळ्या थेंबात पकडून तिची कोणती जीन्स चालू आहेत ते बघायचं. बारकोड (कुठल्या पेशीचा ती खूण), यूएमआय (आरएनएच्या एकेका रेणूची खूण) एवढं पुरे, थेट चिपवर येतो, म्हणजे नमुने भरायच्या पट्टीवर.

चिपला घरं आठ. नमुने दोनच असले तरी उरलेल्या सहांत ५० टक्के ग्लिसरॉल भरायचं आणि रन संपला की अख्खी चिप कचऱ्यात. कोरी घरं पुन्हा वापरायची सोय नाही. विक्रेत्याला विचारलं तर म्हणे, "सर, मग आठ नमुने आणा ना!"

आणायचे कुठून? पानातली पेशी सुटी करायची तर आधी सेल्युलेज-मॅसरोझाइम या एन्झाइमांनी भिंत विरघळवा, तेही मॅनिटॉलच्या (एक प्रकारची साखर) द्रावणात, नाहीतर पेशी फुटते. यात काही तास जातात, तेवढ्यात पेशी ताणाची जीन्स चालू करून बसते. मग डाऊनीने (केवडा रोगाने) काय बदललं आणि आमच्या एन्झाइमने काय, कसं ओळखायचं? शिवाय थॉमसन जातीचं पान फिनॉलमुळे तपकिरी पडतं. शेळीच्या रक्तावर काम करणारी मैत्रीण तांबड्या पेशी फोडून टाकते आणि जेवायच्या आधी मोकळी होते. २०१९ मध्ये अराबिडॉप्सिसच्या (लॅबमधलं नेहमीचं छोटं रोप) मुळांचे पेपर धडाधड आले, तेही प्रोटोप्लास्टवरचेच (भिंत काढलेल्या पेशींवरचे). पण ती कोवळी मुळं हो, द्राक्षाचं पान नव्हे!

दिवाळीपर्यंत मी दोनच तारे दिले असते. मत बदललं ते अख्खी पेशी सोडून नुसत्या केंद्रकांवर गेल्यावर. पान तोडलं की बागेतच लिक्विड नायट्रोजनमध्ये (कृत्रिम रेतनवाले नेतात तसलाच कॅन), नंतर उणे ८० ला. एन्झाइमची भानगडच नाही. थंड बफरमध्ये बारीक करायचं, गाळायचं, सगळं बर्फावर. निफाडची, दिंडोरीची पानं साठवत गेलो, आठ नमुने भरले की चिप लावतो. ग्लिसरॉलच्या बाटलीला तेव्हापासून हात लागलेला नाही.

तोटा आहेच. केंद्रकात आरएनए कमी, म्हणून जीन्सही कमी सापडतात. इंट्रॉनवरचे (आरएनएतून पुढे कापल्या जाणाऱ्या भागावरचे) रीड्स, म्हणजे वाचलेले तुकडे, मोजणीत धरा, नाहीतर निम्मं काम पाण्यात. हरितलवकांचा कचराही मागे लागतो, गाळणीवर कंजुषी नको.

सेवेबद्दल बोलायचं तर जेल बीड्स (बारकोड असलेले मणी) उणे ८० ला ठेवायच्या, आणि पार्सल मुंबईहून निघालं शुक्रवारी. सोमवारी उघडलं तर ड्राय आइसचा पत्ता नाही. कंपनी कुरिअरकडे बोट दाखवते, कुरिअर कंपनीकडे. बदली माल मिळाला, पण मेलांवर मेल टाकून. आता ऑर्डरवरच लिहितो, 'सोमवारीच पाठवणे', आणि खोकं उघडून बर्फ बघितल्याशिवाय सही करत नाही. कुरिअरवाला वैतागतो, वैतागू दे.