मनगटातलं इंजेक्शन : आठ महिन्यांनंतर

मनगटात नस दबून बोटांना मुंग्या यायच्या (कार्पल टनेल म्हणतात त्याला), त्यासाठी मारबतीच्या आठवड्यात उजव्या मनगटात इंजेक्शन घेतलं, त्याला आता ८ महिने झाले. मारबत म्हणजे आमच्या नागपुरात पोळ्यानंतर पुतळे मिरवून जाळतात, तो सण. इतवारीत लोक 'रोगराई घेऊन जा गे मारबत' ओरडत होते आणि मी उशीवर हात ठेवून घरी बसले होते. म्हटलं, बाई, माझ्या मुंग्या पण ने.

२२ वर्षं झाली, ब्लाऊज शिवते. दीड वर्ष रोज रात्री दोन-अडीचला हात बधिर होऊन जाग यायची, उठून झटकला की बरं वाटायचं. सासूबाई म्हणायच्या, "वात आहे, तेल चोळ." मला मानेचं दुखणं वाटलं, म्हणून मानेचा एक्स-रे पण काढला. पैसे वाया.

धंतोलीतल्या डॉक्टरांनी आधी विचारलं, "करंगळीला मुंग्या येतात का?" मी कधी बघितलंच नव्हतं! येत नव्हत्या. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू, इतकीच त्या दबलेल्या नसेची हद्द. करंगळी दुसऱ्या नसेकडे. मग दोन्ही हातांच्या पाठी एकमेकींना टेकवून मनगटं वाकवून धरायला लावलं, मिनिट व्हायच्या आतच बोटं झिणझिणली. मनगटात एक बोगदा असतो. बोटं वळवणाऱ्या ९ दोऱ्या आणि ही नस, सगळ्या त्यातूनच जातात. दिवाळीतला इतवारीचा बोळ समजा. जरा सूज आली की नस चेंगरते. मग एनसीव्ही झाली, म्हणजे विजेचे बारीक चटके देऊन नस किती हळू चालते ते मोजतात. थायरॉईडही तपासलं, ते ठीक निघालं.

इंजेक्शन स्टेरॉईडचं, ४० मिलीग्रॅम, सोबत थोडं बधिर करायचं औषध. सोनोग्राफीत बघत सुई घातली. सुईपेक्षा औषध आत जातानाचा दाब जास्त जाणवला, हात भरून आल्यासारखा. पहिले दोन दिवस आधीपेक्षा जास्त ठणकला आणि मी सगळ्यांना सांगत सुटले की फसले. चौथ्या रात्री झोपले ती थेट दूधवाल्याच्या हाकेलाच उठले. दीड वर्षानंतरची ती झोप!

राग एकाच गोष्टीचा. मला मधुमेह आहे, फॉर्मवर लिहून दिलं होतं, तरी साखर वाढेल हे कोणी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी घरच्या मशीनवर २६० दिसली तेव्हा माझेच हातपाय गळाले. आठवड्याभरात उतरली. मधुमेह असेल तर आधीच विचारून ठेवा.

दिवाळीचं काम निभावलं, संक्रांतही निघाली. पण हे सगळं सुईचंच श्रेय नाही. रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधते, आत धातूची पट्टी असते. हिवाळ्यात त्याचं काही वाटलं नाही. आता कूलर लावूनही आत घाम येतो, दोनदा कंटाळून काढला आणि दोन्ही रात्री मुंग्यांनी उठवलं.

मार्चपासून मुंग्या परत आल्या. आधीसारख्या नाहीत, आठवड्यातून तीन-चार रात्री. वर्धा रोडवर स्कूटी चालवली की मात्र हमखास. आणि पकड काही परत आलीच नाही. कात्री चालते, पण हुक लावताना सुई बोटातून कधी सुटते कळत नाही. डॉक्टरांनी अंगठ्याखालचा मांसल भाग दाबून पाहिला, डाव्या हाताशी ताडून पाहिला आणि म्हणाले, "हा बसत चाललाय. आता दुसऱ्या इंजेक्शनची वाट नका पाहू."

इंजेक्शन घेतल्याचा पस्तावा नाही, एक सीझन मिळाला. पण हात खरंच दुरुस्त झाला असं समजून मी जानेवारीत १८ ब्लाऊजांची ऑर्डर घेतली, तो मूर्खपणा माझा.

लग्नं आटोपली की जूनमध्ये ऑपरेशन. तोवर काजं पोरगी करून राहिली आहे. वाकडी येतात.