जिनिव्हा, दिल्ली की गावची शाळा? सीमाभागातल्या मराठी मंडळांसाठी एक तुलना

सीमाभागातल्या तरुणांच्या बैठकांत एक सूचना आता वरचेवर येते. कर्नाटकातला मराठीभाषक सीमाभाग महाराष्ट्राला मिळावा, हा सर्वोच्च न्यायालयातला दावा २००४ पासून पडून आहे, तर आता थेट संयुक्त राष्ट्रांकडे जाऊया. दुसरा गट म्हणतो, आधी गावची मराठी शाळा वाचवा. तिसरा गट फारसा बोलत नाही. त्याचं म्हणणं असं की जग एक झालंय, मुलं पुण्या-बंगळूरला नोकरीला जाणार, भाषेचा प्रश्न आपोआप मागे पडेल.

ज्यांच्या मंडळाकडे माणसं, पैसा आणि वेळ मोजकाच आहे आणि तो कुठे घालायचा हे ठरवायचं आहे, त्यांच्यासाठी ही तुलना. माझा कल आधीच सांगतो. पहिलं बळ शाळेत आणि तालुक्यात, दुसरं दिल्लीत. जिनिव्हाला, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क यंत्रणेला, कागद पाठवावा, माणसं नव्हेत. असं का, ते पुढे.

जिनिव्हा

नागरी आणि राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराचं २७ वं कलम सांगतं की भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या समाजात आपली भाषा वापरण्याचा हक्क नाकारता येणार नाही. भारतानं हा करार १९७९ मध्ये स्वीकारला. इथवर ऐकून उभारी येते. पण हा करार पाळला जातो का हे पाहणाऱ्या मानवी हक्क समितीकडे एखाद्या व्यक्तीला थेट तक्रार करू देणारा जो जोडकरार आहे, तो भारतानं स्वीकारलेला नाही. खानापूरच्या एखाद्या आईनं लिहिलं की मुलाच्या शाळेला मराठी शिक्षक नाही, तर त्या पत्रावर ती समिती खटला चालवूच शकत नाही.

समिती देशाचा आढावा मात्र घेते. भारताचा आढावा १९९७ मध्ये झाला आणि त्यानंतरचा थेट २०२४ मध्ये. मधली २७ वर्षं म्हणजे बालवाडीतलं मूल स्वतः आईबाप होण्याइतका काळ.

आणखी एक गोष्ट विलीनीकरणाचा मुद्दा तिकडे नेऊ पाहणाऱ्यांनी नीट वाचावी. करार स्वीकारताना भारतानं पहिल्या कलमाबद्दल निवेदन जोडलं आहे: स्वयंनिर्णयाचा हक्क परकी सत्तेखालच्या लोकांपुरता आहे, सार्वभौम देशाच्या एखाद्या भागाला तो लागू होत नाही. त्यामुळे ‘आम्हाला महाराष्ट्रात जायचंय’ ही मागणी तिथे उभीच राहत नाही. ‘आमच्या मुलांना मराठीत शिकू द्या, सरकारी कागद मराठीतही द्या’ ही राहू शकते.

मग तिथे उघडं काय आहे? दोन वाटा. अल्पसंख्याकांच्या प्रश्नांवर संयुक्त राष्ट्रांचा एक विशेष प्रतिवेदक, म्हणजे अहवाल देणारा स्वतंत्र तज्ज्ञ, असतो. त्याच्याकडे कुणीही माहिती पाठवू शकतं आणि त्याला पटलं तर तो सरकारला पत्र लिहितो. दुसरी वाट म्हणजे मानवाधिकार परिषदेचा सार्वत्रिक आढावा, म्हणजे पाळीपाळीनं होणारी प्रत्येक देशाची हक्कांबाबतची तपासणी, ज्यात स्वयंसेवी संस्थांची निवेदनं घेतली जातात. भारताचा असा आढावा याआधी २०१७ मध्ये आणि नंतर २०२२ मध्ये झाला. या दोन्ही वाटांवर आदेश निघत नाही, नोंद होते. नोंदीची किंमत मी कमी मानत नाही, पण तिच्यावर वर्षाची सगळी वर्गणी खर्च करणं मला मान्य नाही.

दक्षिण तिरोल: ज्याचं नाव नेहमी घेतलं जातं

जिनिव्हाच्या बाजूनं बोलणारा जाणकार असेल तर तो इटलीतल्या दक्षिण तिरोलचं उदाहरण देतो. ते द्यायलाच हवं, कारण आपल्या प्रश्नाशी इतकं जुळणारं दुसरं उदाहरण शोधून सापडणार नाही. पहिल्या महायुद्धानंतर हा जर्मनभाषक मुलूख ऑस्ट्रियाकडून इटलीकडे गेला. मुसोलिनीच्या राजवटीत जर्मन शाळा बंद झाल्या, गावांची नावं बदलली. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४६ मध्ये दोन्ही देशांत करार झाला, पण तो नीट पाळला जात नाही म्हणून ऑस्ट्रियानं १९६० मध्ये हा प्रश्न संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत नेला. आमसभेनं ठराव केला की दोघांनी बोलून मार्ग काढावा. १९७२ मध्ये स्वायत्ततेचा नवा कायदा आला आणि १९९२ मध्ये दोन्ही देशांनी वाद संपल्याचं संयुक्त राष्ट्रांना कळवलं. आज तिथे जर्मन शाळा आहेत, कचेऱ्या दोन्ही भाषांत चालतात, सरकारी नोकऱ्या भाषिक गटांच्या प्रमाणात वाटल्या जातात.

हे सगळं खरं आहे. पण आपल्याला ठरवायचं आहे म्हणून तीन फरक समोर ठेवावे लागतात. तिथे तक्रार घेऊन गेला तो ऑस्ट्रिया, म्हणजे सार्वभौम देश. महाराष्ट्र हे राज्य आहे, त्याला आमसभेत जागा नाही. दुसरं, आमसभेनं फक्त ‘बोला’ एवढंच सांगितलं. शाळा किती, नोकऱ्या कुणाला, कुठला अर्ज कुठल्या भाषेत, हे रोम आणि स्थानिक पुढाऱ्यांनी तीस वर्षं एकेका कलमावर बसून ठरवलं. तिसरा फरक आपल्यातल्या पुष्कळांना बोचेल, मलाही बोचतो: तिथे सीमा हलली नाही. भाषा जगली ती सीमा होती तिथेच राहून.

युरोपच्या आणखी एका अनुभवाबद्दल थोडक्यात. प्रादेशिक आणि अल्पसंख्याक भाषांची १९९२ ची युरोपीय सनद वाचनीय आहे, आपली मागणीपत्रं लिहिताना तिचा आराखडा जरूर घ्यावा. पण ती युरोप परिषदेची आहे, युरोपीय संघाची नव्हे, आणि फ्रान्ससारख्या देशानं १९९९ मध्ये सही करूनही तिला मंजुरी दिलेली नाही. खुद्द युरोपीय संघात अल्पसंख्याकांच्या संघटनांनी भाषासंरक्षणाच्या कायद्यासाठी अकरा लाखांहून अधिक सह्या जमवल्या. नियमाप्रमाणे दहा लाख पुरत होत्या. २०२१ च्या जानेवारीत युरोपीय आयोगानं, म्हणजे संघाच्या कार्यकारी मंडळानं, सांगितलं की नवा कायदा आणण्याची गरज नाही. ज्यांनी नकार दिला ते आयोगाचे आयुक्त सह्या करणाऱ्यांच्या थेट मतांनी त्या पदावर आलेले नव्हते. संस्था जितकी वर, तितकं तिला जाब विचारणारं मत पातळ होत जातं, हे त्या प्रकरणात अगदी उघड दिसतं.

बाजाराच्या संस्था: आपल्या अंगणात आधीच आलेल्या

आपण संयुक्त राष्ट्रांकडे जावं की नाही यावर चर्चा करतो, तेवढ्यात दुसऱ्या आंतरराष्ट्रीय संस्था बेळगाव जिल्ह्यात कधीच येऊन बसल्या आहेत. बेळगावच्या काही भागांत चोवीस तास नळाला पाणी आलं ते जागतिक बँकेनं २००४ मध्ये मंजूर केलेल्या कर्जाच्या प्रकल्पातून. निपाणीच्या तंबाखूवर जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखू नियंत्रण कराराची सावली आहे. तो २००५ मध्ये अमलात आला. अथणी-चिकोडीच्या उसावर तर जागतिक व्यापार संघटनेत खटला चालला. ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वातेमाला यांनी तक्रार केली की भारत उसाला जो दर ठरवून देतो तो ठरलेल्या मर्यादेबाहेरचा आधार आहे. डिसेंबर २०२१ मध्ये निकाल भारताच्या विरोधात गेला. भारतानं अपील केलं, पण अपील ऐकणारं मंडळ न्यायाधीशांअभावी २०१९ च्या अखेरीपासून बंद पडलं आहे, म्हणून निकाल लोंबकळत राहिला. ज्या एफआरपीवर, म्हणजे सरकारनं ठरवलेल्या उसाच्या दरावर, आमच्या शेतकऱ्याचं वर्ष अवलंबून आहे, तिचा न्याय कुठे आणि कोण करतंय हे फडातल्या माणसाला कुणी विचारलंही नाही, सांगितलंही नाही.

याच्या शेजारी २०२५ चा नोव्हेंबर ठेवा. बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लापूर क्रॉसवर ऊस उत्पादक रस्त्यावर बसले, टनाला ३,५०० रुपये मागितले आणि राज्य सरकारला ३,३०० वर तोडगा काढावा लागला. पूर्ण मागणी मिळाली नाही. पण उत्तर देणारा समोर होता, कारण त्याला पुन्हा मतं मागायला याच रस्त्यानं यायचं आहे.

तरीही बाजाराच्या संस्थांकडे नुसतं शत्रू म्हणून पाहणाऱ्यांशी माझं जमत नाही. कोल्हापुरी चप्पल बघा. तिला २०१९ मध्ये मिळालेलं भौगोलिक मानांकन, म्हणजे वस्तूचं नाव तिच्या मूळ भागापुरतं राखणारा हक्क, महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर अशा आठ जिल्ह्यांचं आहे. सर्वोच्च न्यायालयात एकमेकांविरुद्ध उभी असलेली दोन राज्यं इथे भागीदार आहेत, आणि अथणी-निपाणीकडचा कारागीर त्या नावाचा कोल्हापूरकराइतकाच हक्कदार आहे. भारतात मानांकनाचा कायदा १९९९ मध्ये झाला तो जागतिक व्यापार संघटनेच्या करारातल्या बंधनामुळेच. २०२५ च्या जूनमध्ये प्राडा कंपनीनं मिलानमध्ये तशाच चपला मूळ न सांगता दाखवल्या, ओरड झाली, कंपनीनं मूळ मान्य केलं आणि डिसेंबरात दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार केला.

पण व्यापार संघटनेच्या त्या करारातली विषमताही बघा. दारू आणि वाइनच्या नावांना त्यात चढं संरक्षण आहे, बाकी वस्तूंना साधं. शॅम्पेनला जे मिळतं ते चपलेला मिळत नाही, आणि भारत वर्षानुवर्षं मागूनही तो नियम बदललेला नाही. शिवाय मानांकन भारताच्या हद्दीत चालतं, मिलानमध्ये आपोआप चालत नाही. तिथे कामाला आली ती लोकांची ओरड.

मला अस्वस्थ करणारी तुलना वेगळीच आहे. जागतिक बँकेत १९९३ पासून तपासणी मंडळ आहे. नर्मदेवरच्या सरदार सरोवर प्रकरणाचा त्यामागे मोठा हात होता. बँकेच्या प्रकल्पानं नुकसान झालेली कोणतीही दोन माणसं तिथे एकत्र तक्रार करू शकतात. म्हणजे बँकेच्या पैशानं टाकलेल्या जलवाहिनीबद्दल बेळगावच्या दोन रहिवाशांना आंतरराष्ट्रीय व्यासपीठ खुलं आहे, आणि मातृभाषेबद्दल अख्ख्या तालुक्याला नाही. जागतिकीकरणानं पैशाच्या वाटेवर तक्रारपेट्या लावल्या, संस्कृतीच्या वाटेवर फक्त जाहीरनामे लावले.

दिल्ली

राज्यघटनेच्या ३५० अ कलमात प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करण्याचं कर्तव्य राज्यावर टाकलं आहे आणि ३५० ब नुसार भाषिक अल्पसंख्याक आयुक्त नेमले जातात. दोन्ही कलमं १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीतली, म्हणजे ज्या राज्य पुनर्रचनेनं आपण इकडे आलो तिच्याबरोबरच जन्मलेली. शाळेत ४० किंवा वर्गात १० मुलं असतील तर त्यांच्या भाषेत शिकवण्याची सोय करावी, हे सूत्र त्याहून जुनं, १९४९ चं. एखाद्या तालुक्यात किंवा शहरात अल्पसंख्याक भाषकांचं प्रमाण १५ टक्के असेल तर महत्त्वाच्या सूचना त्या भाषेतही काढाव्यात, हेही मान्य झालेलं आहे.

आयुक्त आदेश देऊ शकत नाहीत, शिफारस करतात. मग जिनिव्हात आणि यांच्यात फरक काय? फरक असा की आयुक्तांचा अहवाल संसदेसमोर जातो, त्यावर खासदाराला प्रश्न विचारता येतो, आणि शिफारशीचं काय झालं हे माहितीच्या अधिकारात तीस दिवसांत मागता येतं. सीमेचा मूळ दावा वेगळा. तो महाराष्ट्र सरकारचा आहे, त्याच्या तारखा आपल्या हातात नाहीत आणि मंडळानं आपलं वर्ष त्यावर टांगून ठेवू नये.

गाव आणि तालुका

इथे एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. स्थानिक लोकशाहीत आपण राज्यापुरते अल्पमतातच राहणार. २००५ मध्ये बेळगाव महापालिकेनं महाराष्ट्रात जाण्याचा ठराव केला तेव्हा राज्य सरकारनं महापालिकाच बरखास्त केली. फलकांवर ६० टक्के कन्नडाचा कायदा २०२४ मध्ये झाला तेव्हा आपली मतं तो थांबवायला पुरली नाहीत. बहुमत अन्याय करत असेल तर वरच्या संस्थेकडे पाहावं लागतं, याच विचारातून त्या संस्था जन्मल्या. म्हणूनच जिनिव्हाची वाट बंद करा असं मी म्हणत नाही.

पण शाळा बहुमतानं मरत नाही, पटानं मरते. मराठी शाळांचा पट घटतोय तो सक्तीमुळे जितका, तितकाच इंग्रजी माध्यमाच्या ओढीमुळे. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं २०१४ मध्ये कर्नाटकाच्याच खटल्यात सांगितलं की माध्यम निवडण्याचा हक्क पालकांचा, राज्य मातृभाषा लादू शकत नाही. कन्नड सक्तीविरुद्ध हा निकाल आपल्याला ढाल वाटतो, पण त्याच निकालाच्या आडून आपलीच मुलं मराठी शाळेतून निघून जातात. कन्नड शाळांचीही तीच गत आहे. या एका बाबतीत कन्नड आणि मराठी पालक एकाच बाजूला बसायला हवेत, हे मी मनापासून सांगतो. जागतिक बाजार कुणाच्या शाळेला टाळं ठोकत नाही, दरवाज्यासमोर पिवळी बस उभी करतो. तिला उत्तर जिनिव्हाचा प्रतिवेदक देणार नाही. शाळेच्या एसडीएमसीत, म्हणजे शाळा विकास आणि देखरेख समितीत, पालकांतून निवडून गेलेली माणसं देऊ शकतात: चांगलं इंग्रजी शिकवणारी मराठी शाळा करून.

मग कुणी काय निवडावं

मंडळात दहा-पंधरा तरुण आणि एखाद-दुसरे निवृत्त गुरुजी असतील तर एक शाळा निवडा. एसडीएमसीत जा, १०-४० चं सूत्र छापून गटशिक्षणाधिकाऱ्यांसमोर ठेवा, रिकाम्या शिक्षकपदांची माहिती लेखी मागा. मंडळात वकील असेल तर हीच माहिती दहा-बारा शाळांची गोळा करून आयुक्तांकडे पाठवा आणि प्रत खासदाराला द्या. आणि ज्यांचं इंग्रजी चांगलं आहे, त्यांनी तोच गठ्ठा विशेष प्रतिवेदकाच्या नमुन्यात भरून पाठवावा. त्यात विलीनीकरणाची मागणी घालू नये. शाळेचं नाव, वर्ष, पट, रिकामी पदं, दिलेले अर्ज आणि आलेली उत्तरं एवढंच असावं. गावात चर्मकार बांधव असतील तर त्यांची मानांकनाचे अधिकृत वापरकर्ते म्हणून नोंदणी झाली आहे का, हे या वर्षी विचारून घ्या. झाली नसेल तर अर्ज भरायला त्यांच्याबरोबर बसा.