जिनिव्हाची तंटा निवारण यंत्रणा: निकाल चोख, वसुली लंगडी

दांडग्या देशांना नियमात बांधायचं काम ज्या आंतरराष्ट्रीय संस्था करतात, त्यांत जागतिक व्यापार संघटनेच्या तंटा निवारण यंत्रणेला आम्ही सगळ्यांत वरचं स्थान देतो. सुरक्षा परिषदेत पाच जणांकडे नकाराधिकार आहे. इथे १९९५ पासून पॅनेलचा (वाद ऐकणाऱ्या तज्ज्ञांच्या समितीचा) निकाल रोखायचा तर सगळ्या सदस्यांचं एकमत लागतं, म्हणजे जिंकलेल्या देशानेही ‘मला निकाल नको’ म्हणायला हवं!

तक्रारीला फी नाही. आधी सल्लामसलतीची लेखी मागणी करायची. समोरच्याने १० दिवसांत उत्तर आणि ३० दिवसांत बोलणी सुरू करायला हवीत; ६० दिवसांत तोडगा निघाला नाही, की पॅनेल मागता येतं (नाशवंत मालाला २० दिवसच). पॅनेलची पहिली मागणी प्रतिवादी अडवू शकतो, दुसरी नाही. कागद मात्र नेमका हवा. पॅनेलच्या मागणीत जी हरकत लिहायची राहिली, तिच्यावर पुढे दाद मिळत नाही. विकसनशील देशांना जिनिव्हातलंच एक सल्ला केंद्र सवलतीत वकील देतं, ते जरूर घ्यावेत. पॅनेलला मुदत सहा महिन्यांची असली तरी वर्ष-दीड वर्ष धरून चालावं.

खरी गोची निकालानंतर सुरू होते. हरलेला देश बधला नाही, तर संघटना दंड करत नाही. जिंकलेल्याने त्याच्या मालावर जादा कर लावायची परवानगी मागायची. मागच्या नुकसानीचा छदामही मिळत नाही. अँटिग्वा-बार्बुडा हा जेमतेम लाखभर वस्तीचा देश. अमेरिकेच्या ऑनलाइन जुगारावरच्या निर्बंधांविरुद्ध त्याने २००३ मध्ये तक्रार केली आणि २००५ मध्ये अपिलातही त्याचा मुख्य मुद्दा टिकला. त्याने वर्षाला ३४४ कोटी डॉलरची मागणी केली, लवादाने २.१ कोटी ठरवले. अमेरिकी मालावर कर बसवला तर महागाई अँटिग्वाच्याच दुकानांत येणार. म्हणून अमेरिकी कॉपीराइट-पेटंटचं संरक्षण थांबवायची मुभा देण्यात आली, तीही २०१३ मध्ये.

अमेरिकेच्या कापूस अनुदानाविरुद्ध लढलेल्या ब्राझीलने २०१० मध्ये जादा कर लावायच्या गहू, मोटारी अशा अमेरिकी मालाची यादीच काढली. तेव्हा अमेरिका वर्षाला १४.७३ कोटी डॉलर द्यायला कबूल झाली, आणि २०१४ मध्ये आणखी ३० कोटींवर प्रकरण मिटलं. नियम तोच, प्रतिवादीही तोच. फरक बाजारपेठेच्या आकाराचा. लहान देशांच्या वतीने बाकीच्या सदस्यांनी मिळून कर लावायची तरतूद हवी, असं आमचं स्पष्ट मत आहे.

अपिलाची खिडकी तर बंदच पडली आहे. अपील मंडळ सात जणांचं, प्रत्येक प्रकरणाला तिघे बसणार. पण नेमणुकीला सर्वांचं एकमत लागतं आणि अमेरिका ते होऊ देत नाही. ११ डिसेंबर २०१९ पासून तिघांचं पीठच बसू शकत नाही. हरलेल्याने अपील टाकलं की निकाल तिथेच लटकतो. या पळवाटेने फक्त अमेरिकाच गेली असं नाही. उसाच्या एफआरपीमुळे (कारखान्यांनी द्यायच्या किमान भावामुळे) उत्पादन मूल्याच्या १० टक्क्यांची मदतमर्यादा ओलांडली, साखरेचं निर्यात अनुदानही नियमबाह्य, असा निकाल डिसेंबर २०२१ मध्ये भारताविरुद्ध लागला. ब्राझील, ऑस्ट्रेलिया, ग्वाटेमाला तक्रारदार होते. त्यावर भारताने अपील केलं. आपल्या कारखान्यांना आणि ऊस उत्पादकांना तेवढ्यापुरता दिलासा मिळाला, पण उद्या तक्रारदार आपण असू तेव्हा हीच वाट समोरच्यालाही मोकळी राहील.

२०२० पासून काही सदस्यांनी पर्यायी अपील लवाद उभारला आहे. युरोपीय संघ, चीन, ब्राझील, जपान त्यात आहेत. भारत आणि अमेरिका नाहीत. तक्रार टाकण्याआधी प्रतिवादी त्यात आहे का, हे बघावं. नसेल तर सल्लामसलतीच्या टेबलावरच जोर लावावा. जून २०२३ मध्ये भारत-अमेरिकेने सहा वाद बोलण्यातूनच मिटवले, आणि भारताने अमेरिकी सफरचंद, बदाम, अक्रोडांवरचे जादा कर उठवले.