इंजिन झकास, पत्रा नुसता पुट्टीचा: आमच्या टाटामोबाईलचं कोल्हापुरातलं काम

आमच्याकडे मोबाईल १९९१ पासून आहे, हा विनोद अण्णा येईल त्याला ऐकवतात. म्हणजे टाटामोबाईल २०६. टेल्कोने (आजची टाटा मोटर्स) १९८८ ला काढलेली पिकअप, पुढे सिएरा आणि इस्टेट जिच्यावरून काढल्या ती. खरा मोबाईल देशात यायला १९९५ उजाडलं, तोवर आमच्या मोबाईलने चार हंगाम आंबा वाहून झाला होता. मग मधे दोन वर्षं चुलतभावाने तिच्यातून बर्फातली मासळी वाहिली आणि गाडीची वाट लागली ती तिथेच, कारण बर्फाचं खारट पाणी मागच्या हौद्यातून गळत गळत चेसिसवर, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्यावर जायचं आणि धुवायचं कोणी नाव घ्यायचं नाही. त्यानंतर नऊ वर्षं घरामागे फणसाखाली फाटक्या ताडपत्रीत. रत्नागिरीचा पाऊस, समुद्राची हवा, वर फणसाचा पाला. हौद्यात पेरू उगवला होता, खोटं नाही सांगत.

भंगारवाला ३८ हजार द्यायला तयार होता. मला ती रोज चालवायची होती, शोची गाडी करायची नव्हती, बागेत जायला, खत आणायला, हंगामात चाळीसेक पेट्या टाकून बाजारात न्यायला. रत्नागिरीत दोघा-तिघांनी हात वर केले तेव्हा एका ओळखीच्याने कोल्हापूरचं उद्यमनगर सुचवलं, तो सगळा कारखाने-वर्कशॉपांचा भाग, तिथल्या एका गॅरेजमध्ये सात महिने गाडी होती. नाव मुद्दाम टाकत नाही, कारण निम्मं काम असं केलंय की पाया पडावं आणि निम्मं असं की भांडण काढावं. मार्क द्यायचेच तर इंजिनाला ५ पैकी ५, चेसिसला ४, वायरिंगला ४, आणि डेंटिंग-पेंटिंगला दीड, तो पण रंगाची शेड बरोबर जुळवली म्हणून.

गाडी ट्रॉलीवरून उतरवली तेव्हा गॅरेजच्या मिस्त्रींनी एक चक्कर मारली, बोटाने उजव्या दाराखालचा पत्रा दाबला, बोट आत गेलं. म्हणाले, "पाव्हणं, ह्यात गाडी किती हाय आन् गंज किती हाय, आधी काट्यावर घालून बघूया का?" तिथेच मला माणूस आवडला.

इंजिनाचं सांगतो. हे टाटाचं ४८३, म्हणजे ४ सिलेंडर आणि ८३ मिलिमीटर बोअर (सिलेंडरचा आतला व्यास), त्यांच्या नंबरांचा हिशोब असाच असतो, ६९७ म्हणजे ६ सिलेंडर आणि ९७ बोअर. १९४८ सीसी, ताकद साठ-पासष्ट हॉर्सपॉवर, आजच्या मानाने काहीच नाही पण हेच इंजिन सुरुवातीच्या सुमोला पण होतं, त्यामुळे पार्ट मिळतात. जुनी पिकअप घ्यायचा विचार करणाऱ्यांनी हे आधी बघा, की इंजिन दुसऱ्या कुठल्या खपलेल्या गाडीत होतं का. नसेल तर गाडी कितीही देखणी असू दे, एका वॉटर पंपासाठी तीन जिल्हे हिंडाल.

मिस्त्रींनी इंजिन खोललं त्या दिवशी मला मुद्दाम बोलावून घेतलं. जुनी पिस्टन रिंग काढून लायनरमध्ये, म्हणजे सिलेंडरच्या आतल्या नळीत सरकवली, पिस्टनच्या डोक्याने सरळ केली आणि रिंगेच्या दोन टोकांच्या मधे फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) घालायला लावला, माझ्याच हाताने. एक एक पाती लावत गेलो, पूर्ण १ मिलिमीटरच्या वर गेलं. "हितं तिसाच्या आसपास पायजे," म्हणाले, म्हणजे ०.३०. मग म्हणाले आता तुम्हीच सांगा नुसत्या रिंगा बदलू का लायनर-पिस्टनचा किट घालू, मी सांगितलं तर म्हणाल बिल वाढवतोय. अशा माणसाशी वाद कसा घालणार. किट घातला, क्रँक ०.२५ मिलिमीटर घासून घेतला, हेड फेसिंग केलं, गाईड आणि व्हॉल्व्ह नवीन, चारही हीटर प्लग नवीन. इंजिनात डिझेल सोडणारा पंप आणि नोझल वेगळ्या डिझेल पंपवाल्याकडे पाठवले, तिथे पंपाचे सगळे सील बदलून आले, कारण नऊ वर्षं कोरडे पडलेले रबर डिझेल लागलं की गळतात आणि शिवाय २०२० पासून पेट्रोल पंपावर बीएस-६ चं, कमी गंधकाचं डिझेल मिळतंय, गाडीच्या ह्या पंपाने ते कधी चाखलेलंच नव्हतं. पहिल्यांदा सेल मारला, दोन सेकंदात पकडलं. जरासा पांढरा धूर, मग साफ. मी व्हिडिओ काढायला विसरलो, अण्णांनी फोनवर आवाज ऐकला आणि काही बोललेच नाहीत, फोन ठेवून दिला.

चेसिस. हातोडीने ठोकत ठोकत गेले, चांगल्या जागी ठण्ण वाजतं, सडलेल्या जागी ठप्प. डावी बाजू केबिनच्या मागे, जिथे पाट्याचा (स्प्रिंगचा) पुढचा हँगर बसतो, तिथे ठप्प. नेमकी मासळीचं पाणी गळायचं ती जागा. ते कापून नवीन प्लेट घातली, आतून अजून एक तुकडा देऊन सीओटू वेल्डिंग. नंतर सगळी चेसिस उघडी करून शिरोली एमआयडीसीत सँडब्लास्टिंगला, म्हणजे वाळूच्या माऱ्याने गंज काढायला. जायच्या आधी मिस्त्रींनी चेसिस नंबरवर तीन पदरी टेप चिकटवली, त्यावर रबराचा तुकडा. मी विचारलं हे कशाला, तर म्हणे नंबर उडाला तर गाडी तुमची का चोरीची हे आरटीओला कोण सांगणार, तिथे पेन्सिलीने ठसा घेतात. हे मला सुचलंच नसतं. ब्लास्टिंग झालेलं लोखंड पांढरं फटक दिसतं आणि एका रात्रीत परत तांबूस व्हायला लागतं, म्हणून त्याच संध्याकाळी झिंकवाला इपॉक्सी प्रायमर मारून घेतला. एक मार्क कापला तो एवढ्यासाठी की चेसिसच्या बंद भागात, आतल्या बाजूला, काहीही मारलं नाही. सांगितलं होतं वॅक्स मारा म्हणून, हो हो म्हणाले, विसरले. ते मी नंतर घरी स्प्रेची लांब नळी घालून केलं.

आता येतो पत्र्यावर.

गॅरेजचा डेंटर वेगळा, तो मिस्त्रींचा पगारी माणूस नाही, कोपऱ्यात शेड टाकून ठेक्यावर काम करतो, हे मला चौथ्या महिन्यात कळलं. ठरलं होतं की दाराचे खालचे भाग, दोन्ही फूटबोर्ड आणि हौद्याची जमीन कापून नवीन पत्रा. हौद्याला खरंच १६ गेजचा पत्रा घातला, फाळक्याचे बिजागर पण नवीन केले, ते काम ठीकठाक. दारांचं म्हणे झालं. रंग लागला, उन्हात उभी केली तर गाडी १९९१ च्या शोरूमच्या बाहेर उभी असल्यासारखी. मी पण भुललो, कबूल आहे. फोटो काढले, पैसे दिले.

घरी आणल्यावर आठवड्याने बायकोने फ्रिजवरचा गणपतीचा मॅग्नेट आणला आणि म्हणाली बघू तरी लावून. बोनेटला टच्कन बसला. दाराच्या वरच्या भागाला बसला. दाराच्या खाली वीतभर भागात लावला तर गणपती घसरून सरळ चिखलात. दुसऱ्या दाराला तेच. म्हणजे पत्रा कापलाच नव्हता, गंजावर जाळी लावून त्यावर लांबी म्हणजे पुट्टी भरून घासून रंग मारलेला. लांबी वाईट नसते हो, पत्र्यावरचा बारीकसा पोचा भरायला पातळ हात मारावाच लागतो, पण गंजाच्या भोकावर लांबी म्हणजे किडक्या दातावर चुना. आत गंज चालूच राहतो, लांबी ओल धरून ठेवते आणि वर्षाभरात रंगाला फोड.

आणि ह्याच्यावर कडी म्हणजे दाराच्या तळाला पाणी निघून जायची जी भोकं असतात ती पण लांबीने बुजवून गुळगुळीत केली होती. जूनमधल्या पहिल्या मोठ्या पावसानंतर दार उघडलं तर आतून कळशी हलवल्यासारखा खळखळ आवाज. काचेच्या फटीतून आत गेलेलं पाणी जाणार कुठे. स्क्रू ड्रायव्हर आणि हातोडी घेऊन भोकं पाडली, लोटाभर पाणी निघालं, तांबडंलाल. तुम्ही कुठेही काम करून घ्या, गाडी ताब्यात घेताना दाराखाली हात घालून भोकं मोकळी आहेत का तेवढं बघा आणि खिशात एक मॅग्नेट ठेवा, त्याला वरून फडकं लावा म्हणजे रंगाला ओरखडा जायचा नाही. आणि रंग मारायच्या आधी एकदा जाऊन उघडा पत्रा डोळ्याने बघा. मी बाकी सगळ्या वेळी गेलो आणि नेमका त्याच वेळी गेलो नाही, आंब्याचा हंगाम होता.

आणायच्या दिवशीचा किस्सा राहिला. मे महिना, मलकापूर मागे टाकलं, आंबा घाट उतरायला सुरुवात केली आणि तिसऱ्या-चौथ्या वळणावर ब्रेक दगड. पायाखाली दबेचना. लागत होता पण दोन्ही पाय देऊन. डिझेल गाडीला ब्रेकच्या बूस्टरसाठी (पायाचा जोर वाढवतो तो) वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो, आमच्या गाडीला तो अल्टरनेटरच्या ढुंगणाला बसवलेला असतो, तिथून बूस्टरला जाणारा रबरी पाईप तडकला होता. मास्टर सिलेंडर नवीन, व्हील सिलेंडर नवीन, ब्रेक लायनर नवीन, पण हा दोनेकशे रुपयांचा पाईप जुनाच ठेवला होता. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनावर धरून घाटाखालच्या साखरप्यापर्यंत आलो, बाजूला अण्णा डॅशबोर्ड धरून गप्प. साखरप्यात पाईपचा तडकलेला तुकडा कापून उरलेला ताणून बसवला. मिस्त्रींना फोन केला तर त्यांनी एक शब्द सारवासारव केली नाही, "चुकलं माझं, रबर म्हनून जे जे हाय ते सगळं बदलाय पायजे हुतं." दुसऱ्या दिवशी एसटीच्या पार्सलने पाईप, फॅन बेल्ट आणि रेडिएटरचे दोन्ही होज पाठवले, पैसे घेतले नाहीत. डेंटरला फोन केला तर तो अजून उचलतोय.

वायरिंग उंदरांनी खाल्लेलं, सगळं नवीन ओढलं. दोन गोष्टी चांगल्या केल्या. हेडलाईटला रिले टाकले, कारण दोन बल्बांचा मिळून १० अँपिअरच्या आसपास करंट तो जुना स्विच कुठवर सोसणार, आणि प्रत्येक वायरला वेगळा रंग ठेवून कागदावर नकाशा काढून दिला. तो कागद ग्लोव्ह बॉक्समध्ये आहे, वहीच्या पानावर, मागच्या बाजूला कोणाची तरी उसाची उधारी लिहिलेली.

पैसे. पहिला अंदाज १ लाख ९० हजार आणि अडीच महिने. झाले ३ लाख ४० हजार आणि सात महिने. ह्यात टायर, बॅटरी, सीटची गादी धरून. फसवलं असं नाही म्हणणार, चेसिस उघडल्याशिवाय आत काय आहे कोणालाच कळत नाही, पण दर महिन्याला "पुढच्या आठवड्यात" ऐकून कान किटले. एवढ्यात बऱ्यापैकी सेकंडहँड पिकअप आली असती, हे मला सोडून गावातल्या प्रत्येकाने सांगितलंय.

कागदांचं थोडक्यात. गावात सगळे म्हणत होते १५ वर्षं झाली की गाडी भंगारात घालावीच लागते. तसं नाहीये, ती सक्ती १ एप्रिल २०२३ पासून सरकारी गाड्यांना आहे, आपल्याला फिटनेस पास करावा लागतो, मालवाहू असेल आणि ८ वर्षांवर गेली असेल तर दरवर्षी. अण्णांनी गाडी उभी करताना आरटीओला नॉन-युज, म्हणजे गाडी वापरात नाही असं, कळवून ठेवलं होतं म्हणून टॅक्सचा डोंगर झाला नाही, हे त्यांचं खरंच कौतुक. धुराचं मशीन ४१ दाखवत होतं, जुन्या डिझेलला ६५ पर्यंत चालतं. आणि एकजण सांगायला आला होता की व्हिंटेज म्हणून नोंदवा, मान मिळतो. तो २०२१ चा नियम ५० वर्षांवरच्या गाड्यांना आहे आणि त्या नोंदणीवर गाडी रोज वापरताच येत नाही, रॅली, प्रदर्शन, डिझेल भरायला आणि दुरुस्तीला नेण्यापुरती. खत काय रॅलीतून आणू?

हजार किलोमीटर झाल्यावर हेडचे बोल्ट परत आवळायला उद्यमनगरला घेऊन गेलो. पहिले हजार पन्नासच्या वर नेली नव्हती, ऑईल पाचशेला बदललं होतं. मिस्त्रींनी ऑईलची काडी काढून बोटावर घासली, वास घेतला, मान हलवली. ॲव्हरेज १२-१३ मिळतंय. दारांबद्दल बोललो तर त्यांनी स्वतः खाली वाकून हात फिरवला आणि डेंटरच्या शेडकडे बघून जे काय बोलले ते इथे लिहिता येणार नाही. निम्मे पैसे परत देतो म्हणाले, मी इंजिनाचं पुढचं काम त्यात वळतं करा म्हणालो. पुढची गाडी कोणाला द्यायची असेल तर इंजिन आणि चेसिसला तिथेच द्या, पत्रा मात्र दुसरीकडे, आणि हे मिस्त्रींनीच सांगितलंय.

दारं शेवटी इथल्याच एका वेल्डरकडून कापून घेतली, १८ गेजचा पत्रा, दोन्हीचे मिळून साडेसहा हजार. डाव्याला रंग मारून झाला. उजवं दार सध्या नुसतं रेड ऑक्साईडच्या प्रायमरवर फिरतंय, बाजारात दोघांनी विचारलं अपघात झाला का म्हणून. अण्णा म्हणाले राहू दे असंच, निदान आत काय आहे ते दिसतं तरी.