डब्यावर २८० एएच, आत निघाले ११७: बोटीच्या लिथियम बॅटरीत दीड लाखाला गंडवलं

आधी आकडे सांगतो, म्हणजे नंतर कोणी विचारायला नको. दोन लिथियम पॅक, २८० एएचचे (एएच म्हणजे अँपिअर-अवर, बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप), प्रत्येकी ६७,००० प्रमाणे १,३४,०००. ट्रान्सपोर्ट २,८५०. बसबार, फ्यूज, जाड केबल असं 'मरीन किट' म्हणून विक्रेत्यानेच गळ्यात मारलेलं ८,६५०. झाले १,४५,५००. पुढे अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा) जळला त्याचे ६,४०० वेगळे. आणि माझ्या जुन्या चार एजीएम (लेडचाच बंद प्रकार) बॅटऱ्या मी भंगारवाल्याला ९,२०० ला देऊन टाकल्या, त्यातल्या दोन तरी चांगल्या चालत होत्या, ते दुःख वेगळंच.

बोटवाले आपल्याकडे मोजके, मला माहितीये. पण हेच सेल होमस्टेवाले घेतायत, सोलर लावणारे घेतायत, लाइट गेली की चार-चार तास येत नाही म्हणून इन्व्हर्टरला लावणारे घेतायत, म्हणून लिहितोय. लाज वाटते लिहायला, पण गप्प बसलो तर तो पुढच्याला गंडवणार.

माझी बोट शिडाची, ३१ फुटी, सेकंडहँड. पावसाळ्यात खाडीत वर ओढून शाकारून ठेवायची, दिवाळी झाली की उतरवायची, मग मे पर्यंत जयगड, विजयदुर्ग, मालवण, जमेल तसं. इंजिन बंद असताना जे काही चालतं ते हाऊस बॅटरीवर. जीपीएस, एआयएस (आजूबाजूच्या जहाजांना आपली जागा कळवणारं यंत्र), रात्रीचे दिवे, पाण्याचा पंप, ऑटोपायलट आणि सगळ्यात खादाड म्हणजे फ्रिज. फ्रिज एकटा आपल्या उन्हाळ्यात दिवसाला ५०-६० एएच खातो. चार एजीएम मिळून ४०० एएच, पण लेड बॅटरी अर्ध्याच्या खाली नेली की आयुष्य कमी होतं, म्हणजे हातात २००. वर चारही मिळून १२० किलो वजन. लिथियम आयर्न फॉस्फेट ८०-९०% पर्यंत वापरता येते, वजन निम्म्याहून कमी. तर लिथियमकडे जाणं हा निर्णय अजूनही बरोबरच होता, त्यावर मला कोणी शिकवू नये.

दुकानदार पुण्याकडचा. नाव लिहीत नाही, वकिलाने लिहू नको सांगितलंय. बोलायला इतका गोड की विचारू नका. 'सर, ए ग्रेड सेल, झिरो सायकल, सर तुम्ही समुद्रावर जाणार, तुम्हाला मी खराब माल देईन का.' (झिरो सायकल म्हणजे एकदाही न वापरलेले.) टेस्टचा व्हिडिओ पाठवला, त्यात मीटरवर २८४ एएच. आता मला सांगा, व्हिडिओ बघितल्यावर अजून काय बघायचं असतं माणसाने? तो व्हिडिओ भलत्याच पॅकचा होता हे मला ओटीवर बसून कसं कळणार? (व्हिडिओ मागायचाच असेल तर तुमच्या पॅकवर तुमचं नाव आणि तारीख मार्करने लिहून मगच टेस्ट करायला सांगा.)

बिलाचं म्हणाल तर तो म्हणाला पक्कं बिल हवं तर १८% जीएसटी वर, म्हणजे २४,१२० अजून. नको असेल तर प्रोफॉर्मा (कच्चं बिल) देतो, वॉरंटी कार्ड देतोच आहे, ५ वर्षं. मी प्रोफॉर्मा घेतला. कोण देतं हो चोवीस हजार वर? फरशी, सिमेंट, फर्निचर घेताना अख्खं कोकण हेच करतं. पैसे यूपीआयने दोनदा पाठवले, ६७ आणि ६७. पाठवताना नाव आलं ते दुकानाचं नव्हतं, कुठल्या तरी बाईचं. विचारलं तर म्हणे मिसेसचं अकाउंट आहे सर. तेही पटलं, कारण आमच्या इथल्या किराणावाल्याचं पण बायकोच्याच नावावर आहे.

आता ज्या गोष्टीवर अजून रात्री झोप लागत नाही ती. खोके आले, बिल्टीवर (ट्रान्सपोर्टच्या पावतीवर) वजन ३६ किलो. दोन खोक्यांचं मिळून. बिल्टी मी स्वतः सही करून घेतली, स्वतः खोकी उचलून होडीत ठेवली आणि खूश झालो! १२० किलोचं काम ३६ किलोत, वा. शेजारचे तांडेल काका हात लावायला आले होते, त्यांनी एक डबा उचलला आणि म्हणाले, 'इतक्या पैशाक असो हलको? भितर कापूस भरलो हा काय?' आणि मी, मी त्यांना लिथियम म्हणजे काय ते समजावून सांगत बसलो. ज्या माणसाने आयुष्यभर वल्हं, जाळं, इंजिन उचललं त्याच्या हाताला कळलं आणि मला कळलं नाही. २८० एएचचा एक सेल साधारण साडेपाच किलोचा असतो. असे चार सेल म्हणजे २२ किलो, त्यावर डबा, बीएमएस (सेलवर लक्ष ठेवून गरज पडली की बॅटरी तोडणारं सर्किट), केबल धरून एक पॅक २५ च्या आसपास भरायलाच हवा. दोन म्हणजे ५०. माझे दोन मिळून ३६. कागद हातात होता. गणित चौथीतल्या पोराचं होतं. पण लिथियम हलकी असते हे जो तो सांगतो, किती हलकी हे कोणी सांगत नाही, त्यामुळे हलकं लागलं की उलट खात्रीच पटते.

वजन करा. भाजीवाल्याच्या काट्यावर करा, पण करा.

पुढे ब्लूटूथ अ‍ॅप. ते उघडलं की १००%, २८० एएच, सायकल ०. मला वाटलं बीएमएस मोजून सांगतोय. मोजत बिजत काही नाही! ती कपॅसिटी सेटिंगमध्ये हाताने टाकायची असते, ५०० टाकली तर ५०० दाखवेल, आणि टक्केवारी त्याच खोट्या आकड्यावरून निघते. व्होल्टेज बघून कळेल म्हणाल तर लिथियमचं व्होल्टेज मधल्या सगळ्या पट्ट्यात १३ च्या आसपास सपाट राहतं, ७०% ला काय आणि ४०% ला काय, मीटरला जेमतेम फरक. लेड बॅटरीत निदान काटा खाली येताना दिसतो.

तर पूर्णगड मागे टाकून विजयदुर्गकडे निघालेलो, रात्री उशिरा, मतलई (जमिनीवरून येणारा) वारा छान लागलेला, पाहुणे आत झोपलेले. अ‍ॅपमध्ये ५८%. आणि एकदम काळोख. ऑटोपायलट सुटला, बोट वाऱ्यात फिरली, एआयएस गेलं, मास्टवरचा दिवा गेला. एका पॅकच्या बीएमएसने हात वर केले, सगळा लोड दुसऱ्यावर गेला आणि मिनिटाभरात तोही बंद. आजूबाजूला ट्रॉलर, त्यांना मी दिसत नव्हतो. डोक्यावरची टॉर्च शिडावर मारत बसलो की निदान पांढरं काहीतरी दिसेल त्यांना. स्टार्टरची लेड बॅटरी वेगळी ठेवली होती म्हणून इंजिन तरी लागलं (ती कधीही काढू नका, कोणी कितीही सांगू दे). इंजिन लागलं, चार्जिंग सुरू झालं, थोड्या वेळात बीएमएसने चार्जिंगही तोडलं आणि अल्टरनेटरचे डायोड उडाले. त्यातला एक सेल इतका मेलेला होता की बाकीचे रिकामे असताना तो एकटाच ३.६५ व्होल्टच्या कमाल मर्यादेला पोचत होता, आणि चालू अल्टरनेटरवरून बॅटरी अशी झटक्यात सुटली की व्होल्टेज उसळतं, डायोड जातात. विक्रेत्याने 'डायरेक्ट जोडा सर, काही होत नाही' असं सांगितलं होतं. त्याचं वॉइस नोट आहे माझ्याकडे. अल्टरनेटरने लेड बॅटरी चार्ज करायची आणि तिथून डीसी-डीसी चार्जर लावून लिथियम, हा सरळ मार्ग आहे, हे मला नंतर ज्याने अल्टरनेटर दुरुस्त केला त्या मुलाने सांगितलं, त्या शहाण्याने नाही.

घरी आणून पूर्ण चार्ज केले आणि गाडीचे हेडलाइट बल्ब लावून १० अँपिअरवर रिकामे केले. पावणेबारा तासात एक पॅक बंद. ११७ एएच. ५८% चं कोडं तिथेच सुटलं, २८० मधून ११७ गेले की अ‍ॅप ५८ च दाखवणार. मग डबा उघडला. आत चार मोठे सेल नव्हतेच, आठ लहान, दोन-दोन जोडलेले. वरचं निळं प्लास्टिक नवं कोरं, आत क्यूआर कोड खरवडलेला, टर्मिनलवर जुन्या वेल्डिंगच्या खुणा घासून काढलेल्या, दोन सेल फुगलेले. कुठल्या तरी गाडीतून काढलेला माल. सेलवर वाचता येणारा क्यूआर नसेल तर घेऊच नका, विषय संपला.

फोन केला तर आधी 'सर चार्जर चुकीचा असेल', मग 'डबा उघडला म्हणजे वॉरंटी गेली', मग 'खाऱ्या हवेत वापरलं, मरीन यूज वॉरंटीत येत नाही'. किटचं नाव मरीन किट ठेवताना खारी हवा कुठे गेली होती? त्यानंतर ब्लॉक.

आता सरकारी वारी ऐका. १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावला, बाई म्हणाल्या वस्तू मिळाली ना, मग हे सायबर नाही. (पैसे गेले आणि वस्तूच आली नाही तर मात्र १९३० लगेच लावा, पहिल्या काही तासांत लावला तर रक्कम गोठवता येते.) पोलीस ठाण्यात गेलो. साहेब जेवायला गेलेले. आले तर म्हणे बोटीवर घडलं म्हणजे सागरी पोलिसांकडे जा. सागरी पोलीस म्हणाले समुद्रात काय घडलं, बॅटरी संपली, व्यवहार तर जमिनीवरून केलात, तिकडेच जा. परत तिकडे. आता म्हणे विक्रेता पुण्याकडचा, तिकडे जाऊन द्या. मी म्हटलं झिरो एफआयआर नावाचा प्रकार कायद्यात लिहिलाय ना, कुठल्याही ठाण्यात देता येते? तर हवालदार हसला. खरंच हसला. 'बोट आहे ना तुमची? मग एवढ्याने काय होतंय?' न्याय संहितेत कलम ३१८ आहे फसवणुकीचं, फसवून पैसे काढले तर सात वर्षांपर्यंत शिक्षा आणि दखलपात्र, पण तोंडी उत्तर एकच, 'हे दिवाणी स्वरूपाचं आहे.' शेवटी एक कागद घेतला, शिक्का मारायला पुन्हा यायला सांगितलं. मग बिल विचारलं, मी प्रोफॉर्मा दाखवला, तर म्हणे बिल नाही म्हणजे टॅक्स चुकवण्यात तुम्हीपण सामील. चोर राहिला बाजूला, माझीच चौकशी! तो माणूस २४,१२० सरकारचे बुडवतोय हे सरकारच्या माणसाला सांगायला गेलो तर सरकारचा माणूस मलाच डोळे दाखवतो.

१९१५ ग्राहक हेल्पलाइन. नंबर मिळाला, मेसेज आला, विक्रेत्याला कळवलं म्हणे, त्याने उत्तर दिलं नाही, तक्रार बंद. बंद! ज्याने उत्तर दिलं नाही त्याच्या बाजूने बंद. मग ऑनलाइन (तेव्हाचं ई-दाखिल पोर्टल, २०२५ पासून ई-जागृती) जिल्हा ग्राहक आयोगात स्वतः तक्रार टाकली. हे मात्र करा. २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यात टाकता येते, पुण्याला खेटे घालायला नकोत, ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, दोन वर्षांच्या आत टाकावी लागते. तिथेही क्लार्कने विचारलंच, बोट धंद्याची आहे का, धंद्याची असेल तर तुम्ही ग्राहक नाही. बोटीवर मी एक रुपया कमावलेला नाही, घालवलाच आहे, हे लिहून दिलं. पहिली तारीख, समोरचा गैरहजर. दुसरी तारीख, नोटीस परत आली, पत्त्यावर कोणी नाही. तिसऱ्याला पुढची तारीख, फक्त तारीख.

पुरावा म्हणून बिल्टी जपून ठेवली होती तीच आता सगळ्यात कामाची ठरतेय असं वकील म्हणतो, कारण त्यावर वजन आहे आणि ते त्याच्याच ट्रान्सपोर्टने लिहिलंय. तुम्ही घेणार असाल तर खोकं फोडताना एकसलग व्हिडिओ काढा, पैसे दुकानाच्या करंट अकाउंटलाच, आणि माल आल्या आठवड्यात बल्ब लावून रिकामा करून बघा, अ‍ॅपवर जाऊ नका. शंट लावा, तीन-चार हजारात येतो, किती गेलं किती आलं तो खरं सांगतो.

दोन्ही पॅकमधले त्यातल्या त्यात बरे सेल काढून आता घरच्या दोन पंख्यांना लावलेत, तेही बायको रात्री प्लग काढून ठेवते, फुगलेलं बघितल्यापासून तिचा विश्वास नाही.

आणि परवा भाच्याने एक जाहिरात पाठवली. दुकानाचं नाव नवीन, नंबर नवीन, ए ग्रेड, झिरो सायकल, व्हिडिओ तोच. लाल टेबल, त्यावर निळा पॅक, मागे भिंतीवर फुटलेला स्विचबोर्ड, मीटरवर २८४. आता पॅकचा भाव ५९,००० केलाय. तो स्विचबोर्ड दिसला तर एक रुपया पाठवू नका, आणि आधीच पाठवला असेल तर तुमच्या जिल्ह्यात तक्रार टाका, कारण एकट्याच्या तक्रारीला ते सगळे दिवाणीच म्हणतात.