स्वस्त टीव्हीची एजन्सी घेताय? आधी हे वाचा

तालुक्याच्या गावात मोबाईल किंवा टीव्हीचं दुकान असेल आणि कुणी "शेठ, तुमच्या तालुक्याची एजन्सी अजून मोकळी आहे" म्हणत आलं असेल, तर डिपॉझिट पाठवायच्या आधी हे पूर्ण वाचा. माझे साडेचार लाखाच्या वर अडकलेत. कंपनीचं नाव इथे लिहीत नाही कारण केस चालू आहे, पण पद्धत सगळी सांगतो, कारण पद्धत तीच असते, नाव फक्त बदलतं.

त्याआधी २५१ रुपयांच्या फोनबद्दल बोलायला पाहिजे. फ्रीडम २५१ आठवत असेलच. नोएडाची रिंगिंग बेल्स नावाची कंपनी, सप्टेंबर २०१५ मध्ये सुरू झालेली, आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये पेपरात पहिल्या पानावर भल्यामोठ्या जाहिराती, चार इंची स्क्रीन, १ जीबी रॅम, ८ जीबी मेमरी, अँड्रॉइड, किंमत २५१ आणि वर ४० रुपये डिलिव्हरीचे म्हणजे २९१. लाँचिंगला मुरली मनोहर जोशी आले होते, पर्रीकर पण येणार असं छापून आलं होतं, ते आले नाहीत. १८ फेब्रुवारीला सकाळी सहाला बुकिंग चालू होणार होतं, त्या दिवशी माझ्या दुकानाचं शटर उघडायच्या आधीच माणसं येऊन थांबलेली, कारण बऱ्याच जणांकडे तेव्हा डेबिट कार्ड असून ऑनलाईन पैसे कसे भरायचे ते माहीत नव्हतं. साईट उघडतच नव्हती. कंपनी म्हणाली सेकंदाला सहा लाख हिट येतायत म्हणून बंद पडली.

मग एक एक बाहेर यायला लागलं. पत्रकारांना जे सॅम्पल फोन दिले होते त्यावर अॅडकॉम नावाच्या दुसऱ्याच कंपनीचा लोगो होता आणि तो व्हाईटनरने झाकलेला होता. नखाने खरवडलं की खाली अॅडकॉम. अॅडकॉमवाल्यांनी नंतर सांगितलं की आम्ही हे फोन त्यांना ३,६०० ला विकलेत. म्हणजे ३,६०० ला घेतलेला फोन दाखवून २५१ चं बुकिंग. मोबाईल कंपन्यांच्या संघटनेने सरकारला लिहून कळवलं की एवढ्या स्पेसिफिकेशनचा फोन साडेतीन हजाराच्या खाली बसूच शकत नाही. बीआयएसचं, म्हणजे सरकारच्या भारतीय मानक ब्युरोचं, सर्टिफिकेट नव्हतं. किरीट सोमय्यांनी तक्रार केली, मार्चमध्ये नोएडाला गुन्हा दाखल झाला.

आता इथून पुढचं नीट वाचा, कारण लोकांच्या हे लक्षातच नाही. कंपनीच्या सांगण्याप्रमाणे पैसे भरणारे पहिल्या दिवसाचे ३०,००० लोक होते. २९१ ने गुणलं तर ८७ लाखाच्या आसपास होतात, आणि बोंबाबोंब झाल्यावर ते पैसे परत करतो, आता फोन हातात आल्यावरच पैसे द्या असं कंपनीने जाहीर केलं. म्हणजे सामान्य गिऱ्हाईकाचं गेलं तर २९१ जाणार होते. पण नाव तर झालं ना देशभर! मग जुलै २०१६ मध्ये त्याच कंपनीने ९,९०० रुपयांचा साडेएकतीस इंची टीव्ही, साधे फोन, पॉवर बँक असा सगळा माल काढला, आणि एवढा माल विकायचा म्हणजे डिस्ट्रीब्युटर आलेच. फेब्रुवारी २०१७ मध्ये कंपनीचा संचालक मोहित गोयल अटक झाला तो कुणा गिऱ्हाईकाच्या तक्रारीवर झाला नाही, गाझियाबादच्या एका डिस्ट्रीब्युटर फर्मच्या तक्रारीवर झाला, त्यांचं म्हणणं की आगाऊ पैसे भरून पूर्ण माल आला नाही आणि १६ लाख येणं आहे. नंतर त्याला जामीन मिळाला. २०२१ मध्ये तोच माणूस ड्रायफ्रूटच्या धंद्यातल्या फसवणुकीच्या प्रकरणात परत अटक झाला, आणि तिथे पण तक्रारदार व्यापारीच.

म्हणजे २५१ हा आकडा गळाला लावलेलं गांडूळ आहे, पकडायचा मासा वेगळाच असतो. तो मासा म्हणजे आपण, दुकानदार.

माझं झालं ते असं. २०२२ ची दिवाळी तोंडावर होती. एक एरिया मॅनेजर आला, मराठी बोलणारा, पुण्याचा सांगत होता, स्वभावाने गोड. कंपनी उत्तरेकडची, ३२ इंची स्मार्ट टीव्हीचा ब्रँड. मला म्हणाला, "शेठ, बार्शीत एकच पार्टी करणार आहे आम्ही. तुमचं नाव वरून आलंय." रेट ५,८०० अधिक जीएसटी. त्या वेळी चालू ब्रँडचा ३२ इंची स्मार्ट टीव्ही मला साडेआठ-नऊला पडत होता. मी विचारलं, "साहेब, एवढ्यात पॅनेल, म्हणजे नुसती स्क्रीन, तरी येतं का?" तर म्हणाला पॅनेल आम्ही थेट कंटेनरने आणतो, मधला दलाल काढलाय, सरकारची मेक इन इंडियाची सबसिडी आहे, जाहिरातीवर खर्च नाही. २५१ च्या वेळी सुद्धा कंपनीने जवळजवळ हेच सांगितलं होतं, एकगठ्ठा खरेदी, ऑनलाईन विक्री, आणि बाकी ॲपवाल्यांकडून कमावणार.

पहिला लॉट वीस टीव्हींचा. वेळेवर आला, बिल्टी म्हणजे ट्रान्सपोर्टची पावती बरोबर, इनव्हॉइस बरोबर, ई-वे बिल बरोबर, आणि पंधरवड्यात सगळे गेले. हा पहिला लॉट नेहमी येतोच, लक्षात ठेवा. त्यावर त्यांना तोटा होत असेल तरी ते देतात कारण त्याच्यावरच पुढचा विश्वास बसतो. मग फोन सुरू झाले. दिवाळी स्कीम, शंभर टीव्हीची ऑर्डर टाका, पूर्ण पैसे आगाऊ, लाखभर सिक्युरिटी डिपॉझिट, त्यावर गाडी लकी ड्रॉ, आणि "आज संध्याकाळपर्यंत आरटीजीएस नाही आलं तर मला तालुका कुर्डुवाडीच्या पार्टीला द्यावा लागेल, माझ्या हातात राहणार नाही शेठ." दुसऱ्या लॉटमध्ये निम्मेच टीव्ही आले, त्यातही काही मॉडेल भलतेच, उरलेले "ट्रान्सपोर्टमध्ये अडकलेत".

आणि तेवढ्यात पहिल्या लॉटचे टीव्ही परत यायला लागले. वैरागकडच्या एका काकांनी मुलीच्या रुखवतात ठेवायला माझ्याकडून टीव्ही नेला होता. लग्नानंतर महिन्याभरात स्क्रीनवर आडव्या रेघा आणि मग नुसता आवाज. त्या माणसाने मला काही वाईट शब्द सुद्धा वापरला नाही, एवढंच म्हणाले, "शेठ, जावयाच्या घरी काय सांगू?" मी त्यांना त्याच दिवशी दुसऱ्या ब्रँडचा टीव्ही दिला. पण त्यांचा जो अपमान झाला तो मला कसा भरून देता येणार, आणि याचाच मला जास्त राग आहे. कंपनीच्या कागदावर सोलापूरला सर्व्हिस सेंटर लिहिलेलं होतं. त्या पत्त्यावर झेरॉक्सचं दुकान आहे.

तो टीव्ही आमच्या मेकॅनिकने टेबलावर उलटा ठेवला. मागे रेटिंगचं स्टिकर असतं ना, मॉडेल, व्होल्टेज, बीआयएसचा आर नंबर म्हणजे नोंदणी नंबर, ते त्याला जरा जाड वाटलं. थिनरचा बोळा फिरवला आणि कोपऱ्यातून ओढलं तर खाली दुसरं स्टिकर, दुसराच ब्रँड, दुसरंच मॉडेल, तीन वर्षांपूर्वीची तारीख. आणि वरच्या स्टिकरवरचा आर नंबर बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला तर तो कुठल्यातरी मोबाईल चार्जरचा निघाला! २५१ च्या फोनवरच्या व्हाईटनरची गोष्ट मला त्याच क्षणी आठवली. सेटिंगमध्ये रॅम २ जीबी दाखवत होती, आतल्या चिपवरून मेकॅनिकने सांगितलं की ५१२ एमबी आहे, सॉफ्टवेअरमध्ये आकडा बदललाय.

म्हणून पहिलं काम हे करा. सॅम्पल टीव्ही हातात आला की बीआयएस केअर ॲपमध्ये आर नंबर टाका, वस्तू कुठली, ब्रँड कुठला, कारखाना कुठला सगळं दिसतं, फुकट आहे. ब्रँडचं नाव जुळलं नाही तर तिथेच थांबा, पुढचं काही ऐकू नका. फोन असेल तर *#०६# करून आयएमईआय म्हणजे फोनचा ओळख नंबर काढा आणि १४४२२ वर केवायएम (इंग्रजीत KYM), मग स्पेस देऊन तो नंबर असा मेसेज टाका, खरा आहे का डुप्लिकेट ते कळतं. कंपनी कधी रजिस्टर झाली, भांडवल किती, संचालक कोण हे कंपनी मंत्रालयाच्या साईटवर दिसतं. माझ्यावाल्यांची कंपनी आठ महिन्यांची होती, भरलेलं भांडवल एक लाख, आणि शंभर तालुक्यांत एजन्सी वाटत फिरत होते.

जीएसटीचं तर वेगळंच दुखणं झालं, आणि हे कुणी सांगत नाही. त्यांनी इनव्हॉइसवर १८ टक्के लावले, मी भरले, पण त्यांनी रिटर्नच भरलं नाही, त्यामुळे माझ्या जीएसटीआर-२बी मध्ये, म्हणजे पोर्टलवर आपल्या खरेदीच्या बिलांची जी यादी दिसते तिच्यात, ते बिल आलंच नाही आणि क्रेडिट, म्हणजे भरलेल्या टॅक्सची वजावट, मिळालं नाही. जो माल आला त्यावरचा टॅक्स सुद्धा माझ्या खिशातून गेला. जीएसटी पोर्टलवर कुणाचाही नंबर टाकून तो महिन्याच्या महिन्याला रिटर्न भरतो का ते बघता येतं, लॉगिन पण लागत नाही. दुसरी ऑर्डर टाकायच्या आधी पहिल्या लॉटचं बिल २बी मध्ये आलंय का ते तुमच्या सीएला विचारा. आलं नसेल तर एक रुपया पाठवू नका, मग समोरचा कितीही घाई करो.

कायद्याचं सांगायचं तर बरेच जण म्हणतात ग्राहक मंचात जा. आपण तिथे बसत नाही. माल परत विकण्यासाठी घेतला की २०१९ च्या ग्राहक कायद्यात तुम्ही ग्राहकच नाही. काकांसारखा गिऱ्हाईक जाऊ शकतो, १९१५ या ग्राहक हेल्पलाईनवर फोन पण करू शकतो, आणि तो तुमच्या विरुद्ध पण जाऊ शकतो, कारण त्याच्या बिलावर नाव तुमचं आहे. दुकानदाराला पोलिसात फसवणुकीची तक्रार नाहीतर दिवाणी दावा हेच रस्ते. पोलीस आधी "हा व्यवहारातला वाद आहे" म्हणून परत पाठवतात, तेव्हा ते स्टिकरचे फोटो, आर नंबरचा स्क्रीनशॉट, खोट्या सर्व्हिस सेंटरचा पत्ता हे सगळं लावून द्या, कारण सुरुवातीपासून फसवायचाच इरादा होता हे त्यातूनच दिसतं. मी व्हॉट्सॲपवरचं सगळं बोलणं छापून दिलं तेव्हा कुठे अर्ज पुढे सरकला.

खूप मागे लागल्यावर त्यांनी मला दोन लाखाचा चेक दिला, तो बाऊन्स झाला. इथे एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. चेक परत आल्याचा मेमो मिळाल्यापासून तीस दिवसांत नोटीस पाठवायची, नोटीस मिळाल्यावर त्यांना पंधरा दिवस, आणि नाही दिले तर त्यापुढच्या महिन्याभरात कलम १३८ खाली केस, आणि चेक आपल्या खात्यात भरला असेल तर ही केस आपलं खातं ज्या शाखेत आहे तिथल्या कोर्टात लागते. दिल्ली-नोएडाला खेटे घालायला लागत नाहीत. माझी केस बार्शीतच आहे. "शेठ दोन दिवसात परत टाका चेक, पास होईल" असं म्हणून ते तारखा निघून जायची वाट बघतात, त्याला बळी पडू नका.

गेल्या महिन्यात लातूरकडच्या एका दुकानदाराचा फोन आला. टीव्हीचा ब्रँड वेगळा, कंपनीचं नाव वेगळं, पण त्याने पाठवलेल्या प्रोफॉर्मा इनव्हॉइसवर, म्हणजे ऑर्डरआधीच्या कच्च्या बिलावर, गोडाऊनचा पत्ता माझ्या इनव्हॉइसवर आहे तोच, आणि रेट ६,१००. त्याने अजून पैसे दिले नव्हते, वाचला. पण धाराशिवच्या दोघांनी दिलेत असं तो म्हणाला. ज्यांचे कुणाचे असे अडकलेत त्यांनी आरटीजीएसची पावती, इनव्हॉइस आणि टीव्हीच्या मागच्या स्टिकरचा जवळून काढलेला फोटो एकत्र करून ठेवा आणि मला कळवा. एकेकट्याच्या दोन-चार लाखाकडे कुणी बघत नाही, पाच-सहा जिल्ह्यांच्या तक्रारी एकत्र केल्या तर आर्थिक गुन्हे शाखेकडे अर्ज करता येईल, वकील माझा तयार आहे.