लांगटांगचा टीहाऊस ट्रेक: खोली नाममात्र दरात, मोल ताटाचे

गेल्या ऑक्टोबरच्या अखेरीस आम्ही पुण्याचे आठ जण, वयाने अडतीस ते एकसष्ट, नेपाळमधील लांगटांग खोऱ्याचा टीहाऊस ट्रेक करून आलो. आयोजन पुण्यातीलच एका संस्थेकडे सोपवले होते. तिचे नाव येथे देत नाही, कारण ज्या दोन गोष्टी मला खटकल्या त्या इतर आयोजकांच्या पत्रकांतही थोड्याफार फरकाने आढळतात आणि ट्रेक ठरवण्यापूर्वी पत्रक कसे वाचावे, हे सांगणे मला अधिक महत्त्वाचे वाटते. ट्रेकची शिफारस मी मनापासून करीन. आयोजनाची मात्र करणार नाही.

लांगटांग खोरे काठमांडूच्या उत्तरेला, तिबेटच्या सीमेलगत आहे. पुण्याहून दिल्लीमार्गे काठमांडू, तेथून त्रिशूली आणि धुन्चेवरून स्याब्रुबेसीपर्यंत जीपने जवळजवळ पूर्ण दिवसाचा खडतर प्रवास आणि दुसऱ्या दिवसापासून चाल, असा क्रम असतो. स्याब्रुबेसी सुमारे १,५०० मीटर उंचीवर आहे. आमचा तोरणा १,४०३ मीटरचा. म्हणजे तोरण्याच्या माथ्याहूनही उंच जागी या वाटेवरचे पहिले पाऊल पडते. आम्ही तीन महिने दर रविवारी पाठीवर ओझे घेऊन आतकरवाडीतून सिंहगड चढलो होतो. त्याचा गुडघ्यांना आणि दमाला निश्चित उपयोग झाला, विशेषतः पहिल्या दिवशी रिमचेच्या खाली लागणाऱ्या दमवणाऱ्या चढावर. परंतु विरळ हवेची सवय सिंहगडावर होत नाही आणि ती कोणत्याही सरावाने पुण्यात होणार नाही, हे प्रत्येक आयोजकाने स्पष्ट शब्दांत सांगायला हवे.

तंबू, शिधा, स्वयंपाकी असे काहीही बरोबर न नेता, वाटेवरच्या गावकऱ्यांच्या घरवजा लॉजमध्ये राहत आणि जेवत पुढे जाणे, हे टीहाऊस ट्रेकचे स्वरूप. खोली म्हणजे प्लायवूडच्या भिंती, दोन लाकडी खाटा, फोमची गादी आणि जाड रजई. शेजारच्या खोलीतले खोकणेही स्पष्ट ऐकू येते. खोलीत शेगडी नसते; ऊब फक्त जेवणघरातील लोखंडी चुलीभोवती, आणि संध्याकाळी सारे तिच्याभोवती दाटीवाटीने बसतात. स्वच्छतागृह बहुतेक ठिकाणी सामाईक होते, पण आम्ही राहिलो त्या प्रत्येक ठिकाणी ते स्वच्छ होते. अंघोळीचे गरम पाणी, फोन चार्ज करणे, पिण्याचे उकळलेले पाणी, या सर्वांचे वेगळे पैसे पडतात आणि ते रास्त आहेत.

या व्यवस्थेचा आर्थिक पाया समजून घेतल्याशिवाय तिचे मूल्यमापन करता येत नाही. लांगटांग गावात दोघांच्या खोलीला आम्ही ५०० नेपाळी रुपये दिले, म्हणजे आपले तीनशेहून थोडे अधिक. एका दाल-भाताच्या ताटाला मात्र ८०० नेपाळी रुपये, म्हणजे आपले ५०० रुपये पडले. शंभर भारतीय रुपयांना १६० नेपाळी रुपये हा विनिमय दर ठरलेला असल्याने हिशेब सोपा असतो. हे ताट पाहून आमच्यातील एकाने ‘डेक्कनवर इतक्यात दोघे जेवतील’ असे म्हटले. परंतु स्याब्रुबेसीच्या पुढे तांदळाचा प्रत्येक दाणा, गॅसची प्रत्येक टाकी खेचराच्या किंवा माणसाच्या पाठीवरून वर येते, आणि जसजसे वर जावे तसतसा दर वाढत जातो, हे वाटेवर खेचरांना जागा करून देताना डोळ्यांनी दिसते. खोली नाममात्र दरात मिळते, ती पाहुण्याने दोन्ही वेळा तेथेच जेवावे या अपेक्षेने. घराचे उत्पन्न ताटावर आहे.

नेमक्या याच ठिकाणी आमच्या आयोजकांचे वर्तन मला पटले नाही. पत्रकात ‘सर्व जेवण समाविष्ट’ असे छापले होते. प्रत्यक्षात सकाळी पुण्याहून आणलेली उपम्याची आणि खिचडीची तयार पाकिटे वाटली जात, त्यात ओतायला टीहाऊसकडून गरम पाणी मागितले जाई आणि घरच्या बाईला मोबदला मिळे तो फक्त पाण्याचा. लामा हॉटेल येथे (हे एका हॉटेलचे नाव नसून दाट जंगलातील सात-आठ लॉजच्या वस्तीचे नाव आहे) ती बाई आदल्या रात्रीच कणीक मळून ठेवत असलेली मी पाहिली होती. जेवणघरात दोरीने बांधलेली पेन्सिल आणि एक वही असते. प्रत्येक खोलीने रात्रीच त्यात सकाळची मागणी वेळेसह लिहायची असते. आमच्या चार खोल्यांपुढची ओळ कोरी होती. दुसऱ्या दिवसापासून आम्ही आपसांत ठरवून नाश्ता स्वतःच्या पैशांनी मागवू लागलो. घरच्या चवीसाठी चटणी आणि बाकरवडी जरूर न्यावी. जेवणाला पर्याय म्हणून शिधा नेऊ नये.

आणि ते जेवण खरोखर उत्तम असते. भात, पातळ मसुराची डाळ, बटाट्याची किंवा कोबीची भाजी, मुळ्याचे लोणचे, कधी आंबवून सुकवलेल्या पालेभाजीचे गुंद्रुक. लांगटांग गावातल्या लॉजच्या मालकीणबाई, म्हणजे आमच्या दिदी, एका हातात डाळीची बादली आणि दुसऱ्या हातात पळी घेऊन चुलीभोवती फिरत आणि प्रत्येकाजवळ थांबून ‘थपूँ?’ असे विचारत. आपल्याकडच्या पंगतीतल्या ‘वाढू का?’ची मला तेव्हा आठवण झाली. डाळ, भात आणि भाजी पुन्हा हवी तितकी मिळते, त्याचे जादा पैसे नसतात. पूर्ण शाकाहारी माणसाची या वाटेवर काहीच अडचण होत नाही. पिझ्झा आणि पास्ताही मिळतो, पण त्याच्या वाटेला जाऊ नये.

दुसरी त्रुटी अधिक गंभीर होती. पत्रकात लामा हॉटेल, लांगटांग गाव आणि मग खोऱ्यात आणखी वर असलेल्या क्यांजिन गोंपा या वस्तीत दोन रात्री, असा क्रम होता. परतीच्या जीपचा दिवस चुकीचा ठरवला गेल्याने ऐनवेळी आम्हाला लामा हॉटेलहून एकाच दिवसात क्यांजिनला नेण्याचे ठरले. सुमारे २,४०० मीटरवरून ३,८५० मीटरवर! तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची दिवसाला पाचशे मीटरहून फार वाढवू नये, हा गिर्यारोहण वैद्यकातील सर्वमान्य संकेत आहे. लांगटांग गाव ३,४३० मीटरवर असल्याने मूळ क्रमही तसा सैल नव्हता. घोडातबेलाच्या पुढे झाडी विरळ झाली तेव्हाच आमच्यातील एका काकांचे डोके ठणकू लागले आणि गावात पोहोचल्यावर त्यांना उलटी झाली. आमच्याबरोबरच्या, तेथील तामांग समाजाच्या गाईडने पुढे जाण्यास सरळ नकार दिला आणि आम्ही त्याच्या बाजूने उभे राहिलो. लांगटांगमध्येच रात्र काढली, काका सकाळी सावरले, आणि क्यांजिनची एक रात्र कमी झाली. त्या गाईडचा निर्णय हा संपूर्ण ट्रेकमधील सर्वांत मोलाचा निर्णय होता.

ज्या गावात ती रात्र काढली ते मूळ जागेहून थोडे वर नव्याने बांधलेले आहे. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपात लांगटांग लिरुंग शिखराच्या उतारावरून बर्फ आणि दगडांचा लोट कोसळला आणि जुने गाव जवळजवळ पूर्ण गाडले गेले. गावकरी आणि परदेशी पाहुणे मिळून तीनशेच्या आसपास माणसे गेली. हवेच्या झोताने नदीपलीकडच्या उतारावरची झाडेदेखील आडवी झाली. आजची वाट त्या दगडांच्या राशीवरूनच जाते. जवळच मृतांची नावे कोरलेली स्मारकभिंत आहे. आमच्या दिदींनी एका नावावर बोट ठेवले, तळव्याने त्यावरची धूळ पुसली आणि काही न बोलता पुढे निघाल्या. तेथे फोटोसाठी पोझ देणाऱ्यांना कृपया थांबवावे. ज्या घरांत आपण जेवतो ती घरे या माणसांनी त्यानंतर पुन्हा उभी केली आहेत, म्हणून ताटाच्या दरावर घासाघीस करणे मला सहन होत नाही.

क्यांजिनबद्दल थोडक्यात सांगते. खोरे येथे एकदम रुंद होते आणि ७,२२७ मीटरचे लांगटांग लिरुंग डोक्यावर येते. एकच सकाळ हाती असल्याने आमच्यापैकी पाच जण वस्तीमागच्या क्यांजिन री या शिखराच्या खालच्या टोकापर्यंत, सुमारे ४,३०० मीटरपर्यंत गेलो. सुमारे ५,००० मीटरचे चेर्को री हे शिखर राहून गेले. १९५० च्या दशकात स्विस मदतीने सुरू झालेल्या येथील चीजच्या कारखान्यातून घट्ट, किंचित खारट चीज जरूर घ्यावे. त्याला याकचे चीज म्हणतात, पण याक हा नर. दूध चौरीचे, म्हणजे याक आणि गाय यांच्या संकरातून झालेल्या मादीचे असते.

जाणाऱ्यांनी रोख नेपाळी रुपये काठमांडूतूनच घेऊन निघावे, विमानाने जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र जवळ ठेवावे, डायमॉक्स या उंचीच्या त्रासावरील गोळीबद्दल आपल्या डॉक्टरांना आधी विचारावे आणि विम्यात हेलिकॉप्टरने सुटका धरलेली आहे ना, हे पाहून घ्यावे. आयोजकाला दोन प्रश्न लेखी विचारावेत: तीन हजार मीटरच्या वर किती रात्री आहेत, आणि तिन्ही वेळचे जेवण टीहाऊसच्या स्वयंपाकघरातले आहे का.

परतल्यावर आम्ही आठही जणांनी सही करून आमच्या आयोजकांना पत्र दिले. त्यांच्या पुढच्या तुकडीच्या पत्रकात परतीसाठी एक राखीव दिवस आता छापलेला आहे. नाश्त्याच्या मुद्द्यावर अद्याप उत्तर आलेले नाही.